भाडेकरू निघाले पाव्हणे

"कुनाला गाव इचारू नका. बास. बाकी काय बी बोला," चपला घालणाऱ्या माणिकरावांना सत्यभामाबाईंनी दारातून पुन्हा बजावलं.

"मी कावून गाव इचारीन? मी घरमालक म्हनून चाललोय. मालक कुटं गाव इचारतो व्हय?"

"मालक न्हाई इचारत. तुमी इचारता."

माणिकराव पिशवी घेऊन निघाले आणि परळीच्या स्टँडवर केजच्या गाडीत बसले. शेजारच्या प्रवाशाला गाव विचारायचं नाही म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे करून ठेवलं.

माणिकराव परळीच्या थर्मल वीजकेंद्रातून नुकतेच निवृत्त झाले होते. उभी नोकरी बॉयलरपाशी काढलेली, त्यामुळे नजर तपासणीची. केजला बसस्टँडच्या मागे अमरसिंह नावाच्या कंत्राटदाराची दुमजली इमारत विकाऊ आहे असं कळल्यावर ते ती बघायला इतक्या खेपा करू लागले की शेवटी अमरसिंहच म्हणाला, "काका, घर घेताय का पोरीला स्थळ बघताय?" त्यांनी स्लॅबवर हातोडी मारून आवाज ऐकला, नळ सोडून पाण्याचा जोर बघितला, फेरफार आणि कराच्या पावत्या वकिलाकडून वाचून घेतल्या. सगळं चोख होतं. वकील एवढंच म्हणाला, "खाली दोन आणि वर एक अशी तीन बिऱ्हाडं आहेत. तुम्हाला स्वतःला राहायचंय ना? मग एक बिऱ्हाड आधी रिकामं करून घ्या, मगच सही करा." माणिकराव हसले. "मानसंच हायेत की वकीलसाहेब. मी सांगीन त्यांना," असं म्हणून त्यांनी सही करून टाकली.

सही करताना आयुष्यभराची पुंजी त्यात गेली. दुसरं घर घ्यायला किंवा भाड्याने बघायला काही उरलं नाही. कॉलनीतली क्वार्टर पावसाळ्याच्या आत सोडायची होती. सत्यभामाबाईंनी सगळा संसार दुसऱ्याच्या भिंतींमध्ये केला होता. लग्न करून आल्या तेव्हा सासू नव्हती, सासरे गावी दुसऱ्या संसारात; यांच्या वाट्याला आली ती क्वार्टर. शेजार जमला की बदली व्हायची, नाहीतर शेजारी निवृत्त होऊन गावाला जायचे. "मला लई मोटं न्हाई पायजे," त्या म्हणत, "पर जितनं कुनी 'निघा' म्हननार न्हाई असं पायजे." त्यांचं मागणं इतकंच होतं, आणि ते पुरं करायचं तर आधी माणिकरावांना दुसऱ्या कोणाला तरी 'निघा' म्हणावं लागणार होतं.

अडचण होती ती त्यांच्या सवयीची. आपल्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की गाव, पाव्हणे, सासुरवाडी विचारत विचारत कुठेतरी नातं काढतात आणि मगच मोकळेपणाने बोलतात. हे सगळेच करतात, पण माणिकरावांना त्याचं व्यसन होतं. एकदा अंबाजोगाईच्या बाजारात त्यांनी पाकीट मारणाऱ्याचा हात रंगेहाथ पकडला आणि पोलीस येईपर्यंत वेळ जाईना म्हणून त्याला गाव विचारलं. तो चुलतमेहुण्याचा साडू निघाला. माणिकरावांनी त्याला चहा पाजला आणि गाडीभाडंही दिलं.

केजला पोचल्यावर त्यांनी मनाशी पक्कं केलं की विचारायचं काही नाही, फक्त सांगायचं. खालच्या पहिल्या बिऱ्हाडात धर्मराज राहायचा. तो केज-अंबाजोगाई जीप चालवायचा आणि आता दारात काच पुसत होता.

"मी माणिकराव. ही इमारत आता मी घेतली," त्यांनी सुरुवात तर कडक केली. "राहायला परळी. मूळचा घाटनांदूरचा." स्वतःचं गाव सांगणं म्हणजे दुसऱ्याचं विचारणं नव्हे, असा त्यांचा हिशोब होता.

धर्मराजच्या हातातलं फडकं थांबलं. "घाटनांदूर? अरारारा! मामा, आधी न्हाई का सांगायचं! माजी सासुरवाडी हाय की!"

"काय सांगता! कुनाची लेक?" माणिकरावांच्या तोंडून निघून गेलं.

"ते... खालच्या अंगाची. अगं ए शिवकन्या, भाईर ये, तुज्या गावचं मानूस आलंय!"

शिवकन्या डोक्यावर पदर घेत बाहेर आली आणि तिने वाकून पाया पडूनच टाकलं. गावच्या जावयाला घर सोडायला सांगण्याचा प्रश्नच मिटला. माणिकरावांनी उलट तिच्या हातावर ओवाळणी ठेवली आणि पुढच्या दाराकडे वळले.

तिथे भिवराबाई एकट्या राहायच्या. कोर्टातले कारकून, दवाखान्यातले लोक, शिकायला आलेली पोरं यांना डबे करून द्यायच्या. वय झालेलं, हात मात्र पोळपाटावर भराभर चाललेला.

"बसा मालक," त्या म्हणाल्या. "घर सोडायचं सांगाया आलाव न्हवं? अमरसिंग म्हनलता, नवा मालक सोता ऱ्हानार हाय."

म्हातारीनेच विषय काढलेला बघून माणिकराव गडबडले. बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणाले, "तुमचं बोलनं आमच्या आईच्या गावाकडचं वाटतंय. आडसकडचं म्हायेर का?"

भिवराबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. "हां. तिकडचंच."

"आडसला कुटं? वेशीपाशी?"

"वेशीपाशीच की."

"अवो, मग माजी आई मथुरा म्हाईत आसंल तुमाला! वेशीपाशीच घर व्हतं तिचं!"

"मथुरा..." म्हातारीने लाटणं खाली ठेवलं. "हां, मथुरा. म्हाईत हाय तर."

"मग तुमी माजी मावशी झालाव की!"

मावशींनी एक भाकरी ताटात टाकली, वर ठेचा आणि पिठलं वाढलं, आणि ताट पुढे सरकवत म्हणाल्या, "जेव बाळा."

वरच्या बिऱ्हाडात माया होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा लातूरला नोकरीला. तिला काही विचारायचं नाही असा निश्चय करून माणिकराव जिना चढले, तर दारावरच्या पाटीवर तिच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. "तू जीवनची लेक तर न्हवं?" ते ओरडलेच. जीवन म्हणजे घाटनांदूरच्या बौद्धवाड्यातला त्यांचा शाळेतला सोबती. दोघांनी एकाच सायकलवर सगळी शाळा केलेली. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी जीवनचा फोटो होता, त्याला हार घातलेला. माणिकरावांना तो गेल्याचं माहीतच नव्हतं. ते खुर्चीवर बसले आणि फोटोकडे बघत राहिले.

"काका, भाडं कोणाच्या नावाने देऊ?" मायाने शेवटी विचारलं.

"जीवनच्या लेकीकडून मी भाडं घेऊ?"

"घ्यायलाच पाहिजे काका. मला पावती लागते. ऑफिसात दाखवावी लागते."

मग त्यांनी भाडं घेतलं, पावती लिहून दिली. खाली उतरल्यावर त्यांना आठवलं की गावच्या लेकीच्या घरी पहिल्यांदा गेलो तर साडी-चोळी करावी लागते. त्याच भाड्यातून त्यांनी बाजारपेठेतून साडी आणली आणि पुन्हा जिना चढले. मायाने साडीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

संध्याकाळी परळीत सत्यभामाबाईंनी दार उघडलं. "कोन निघायलंय?"

माणिकरावांनी पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या. "मावशीनं दिल्यात."

"कोन मावशी?"

नंतर कितीतरी वेळ घरात भांड्यांचे आवाज येत राहिले. त्या दिवशी भांडी जरा जास्तच घासली गेली.

पुढे गोष्टी रीतसर बिघडत गेल्या. यंदा अधिक महिना होता. तो लागला आणि धर्मराजचा फोन आला. "मामा, धोंड्याचा म्हयना हाय. माजे सासरे न्हाईत. तवा गावाकडनं आता तुमीच." म्हणजे जावई झाल्यापासून भाडं न देणाऱ्या भाडेकरूला घरी बोलावून धोंडे करून घालायचे, वर कपडे करायचे. सत्यभामाबाईंनी ते केलं, पण पुरण वाटताना त्या पाट्याशी जे बोलत होत्या ते माणिकरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आठवड्याने बोअरची मोटर जळाली. "मामा, मी कायबी म्हनलो नसतो," धर्मराज म्हणाला, "पर जावयाच्या घरात पानी न्हाई म्हनल्यावर लोक गावाला नावं ठेवत्यात." गावाचं नाव राखायला नवी मोटर बसली.

दर वेळी माणिकराव घर रिकामं करायला सांगायचं ठरवून केजला जायचे आणि भिवराबाईंकडे जेवून यायचे. खरं सांगायचं तर आता ते त्यासाठीच जायचे. त्यांची आई ते रांगत असतानाच गेली होती. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि तिचं नाव घरात कोणी काढेना. तिचा फोटोही नव्हता. आणि इथे भाकऱ्या थापता थापता भिवराबाई सांगायच्या की ती पोर कशी हट्टी होती, चिंचेवरून पडून तिचा हात कसा मोडला, लग्नात उखाणा न घेताच ती कशी पळाली. माणिकराव घरी येऊन ते सगळं बायकोला सांगायचे. साठीच्या आसपासचा माणूस, "आमची आई लई खट्याळ व्हती बरं का," म्हणताना त्याचा चेहरा शाळकरी पोरासारखा व्हायचा. सत्यभामाबाई त्या वेळी घराचा विषय काढायच्या नाहीत.

अखेर कॉलनीच्या कार्यालयाने क्वार्टर रिकामी करण्याची आठवण केली. माणिकराव सल्ला मागायला अमरसिंहकडे गेले.

"तुमाला भाडं कसं काय मिळायचं?"

"पाच तारखेला दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवायचो. आनून द्यायचे."

"आन् तुमी त्यांना गाव इचारलं न्हाई कदी?"

"गाव?" अमरसिंह हसला. "काका, मला त्यांची आडनावंसुदिक म्हाईत न्हाईत. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. नंबराला मावशी म्हनता येत न्हाई, तवा नंबराला घर सोड म्हनायला जड जात न्हाई. तुमी घर लई बारीक तपासलं, पर स्वतःला तपासलं न्हाई."

हे बोलणं माणिकरावांना झोंबलं, कारण ते खरं होतं. त्यांनी घरी येऊन बायकोपुढे हात टेकले. "माज्यानं न्हाई व्हनार. तूच चल."

सत्यभामाबाई पदर खोचूनच केजला उतरल्या. धर्मराज जावई म्हणून हलणार नव्हता, माया एकटीच नियमाने भाडं देत होती. उरल्या भिवराबाई. एकटं माणूस, सामान थोडं. सत्यभामाबाईंनी नवऱ्याला धर्मराजच्या जीपमध्ये बसवलं. "तुमी आत याचं न्हाई," म्हणाल्या आणि दार लोटून आत गेल्या.

माणिकराव कान देऊन बसले. त्यांना भांडणाची अपेक्षा होती, पण आतून काहीच ऐकू येईना. भांडण ऐकू आलं असतं तर बरं, असं त्यांना वाटायला लागलं. शेवटी राहवेना म्हणून ते उतरून आत गेले.

भिवराबाई कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक ओढत होत्या. सत्यभामाबाई पोळपाटाशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचा पदर सुटलेला होता.

"मी काय बी बोलले न्हाई त्यांना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आत आले, नमस्कार केला, आन् त्या सामान बांदाया लागल्या."

"मावशी, आसं काय करता?"

"मावशी म्हनू नको," भिवराबाई ट्रंकेशेजारी बसल्या. त्यांना धाप लागली होती. "मी आडसची न्हाई, बाळा. माजं म्हायेर धारूराकडं. आडस मी गाडीतनं बघितलंय तेवडंच. तूच म्हनलास आडस, तूच म्हनलास वेस, तूच म्हनलास मथुरा. मी नुस्ती हां म्हनत गेले."

"पर कावून?"

"घर वाचंल म्हनून. खोटं कशाला बोलू? पयल्या दिवशी तेवडंच व्हतं मनात." त्यांनी हाताला लागलेलं पीठ लुगड्याला पुसलं. "मागनं तू दर येळी मावशी मावशी करत याया लागलास. मला गिऱ्हाईक म्हनतंय, ओ डबेवाल्या बाई. आजारी पडले तर माया तेवडी इचारती. मावशी म्हनाया कोन हाय मला? मग सोडवंना. पर आज ही तुजी बायकू दारात आली, नमस्कार केला, आन् मला कळलं की हिला घर न्हाई आन् मी खोट्या नात्यानं तिच्या जागंत बसलेय. मी जाते. धारूरला पुतन्या हाय."

माणिकराव उभेच होते. घर रिकामं होत होतं, तेही कोणी न सांगता, आणि पापही लागत नव्हतं. तरी मनासारखं होत असताना त्यांना आनंद होईना.

"मग ती चिंचेवरून पडली व्हती, ते?" त्यांनी विचारलं.

म्हातारीने मान खाली घातली. "ती मी, बाळा."

"आन् हात मोडला?"

भिवराबाईंनी डावा हात पुढे केला. कोपरापाशी हाड वाकडं बसलं होतं.

इतके दिवस जपलेली आई अशी हातातून निसटली आणि माणिकरावांना रडू फुटलं. बायकोसमोर, परक्या बाईसमोर, दार उघडं असताना ते रडले. भिवराबाईही रडायला लागल्या. सत्यभामाबाई दोघांकडे बघत राहिल्या. त्यांना एकच आठवत होतं, की या घरातून जेवून आलेला आपला नवरा किती हसत घरी यायचा. आख्ख्या संसारात त्यांनी त्याला आईबद्दल बोलताना ऐकलं नव्हतं. ते या बाईने करून दाखवलं होतं, आणि त्यासाठी तिने स्वतःचं लहानपण देऊन टाकलं होतं. याला खोटं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

त्या उठल्या आणि ट्रंक ओढून परत कोपऱ्यात लावली.

"पुतन्या येतो का कदी बघाया?" त्यांनी विचारलं.

भिवराबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मग कशाला जायाचं तितं? आतली खोली तुमाला, भाईरची आमाला. सैपाकघर दोगींचं. आन् मी कुनाला 'निघा' म्हनायला आले न्हवते. तेवडं एकच वाक्य मला ऐकायचं न्हवतं, मग मी दुसऱ्याला कसं म्हनू?"

"अगं, पर तुला तुजं घर..." माणिकराव डोळे पुसत म्हणाले.

"हे माजंच हाय न्हवं? का कागद बी खोटे निगाले?"

भिवराबाई उठल्या, चूल बघितली, आणि परातीकडे बोट करून म्हणाल्या, "बसली कशाला हायेस? पीठ मळ. डब्याची येळ झाली. आन् पदर नीट घे आदी."

सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. ज्या वयात बायका सासू होतात, त्या वयात त्यांना सासू मिळाली होती. त्यांनी पदर घेतला आणि परात पुढे ओढली.

"इतकं पानी? लापशी व्हईल त्याची!" भिवराबाई ओरडल्या. माणिकराव हळूच बाहेर सटकले.

बाहेर धर्मराज जीपला टेकून उभा होता. अंगात धोंड्यातला नवा शर्ट होता. दार उघडं असल्यामुळे आतलं सगळं त्याने ऐकलेलं दिसत होतं, कारण माणिकरावांना बघताच तो घाईघाईने वाकला आणि चाकातली हवा तपासायला लागला. शिवकन्या उंबऱ्यात आली होती. ती लगबगीने मागे वळली आणि आत गेली.

माणिकराव जीपपाशी आले. घाटनांदूरच्या खालच्या अंगाला किती घरं आहेत आणि कोणाकोणाला लेकी आहेत, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? एक प्रश्न विचारला असता तर सगळं स्वच्छ झालं असतं. तो जिभेवर आलाही होता.

"धर्मराज," ते म्हणाले.

"जी मामा," चाकाआडून बारीक आवाज आला.

माणिकरावांनी उभ्या जन्मात पहिल्यांदाच तो प्रश्न गिळला.

"उद्या परळीहून सामान आनायचंय. जीप लागंल. येनार का जावईबापू?"

धर्मराज चाकाआडून उठला. त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मग जीपचं दार उघडून धरलं.

"उद्या कशाला मामा," तो म्हणाला, "आत्ताच जाऊ की."